अहिराणी बोलणाऱ्या मुलांनी इटालियनकडे जरूर बघावं

परदेशी विद्यापीठांत आयुष्यभर इटालियन शिकवलेल्या प्राध्यापकांवरचा हा लेख मनापासून आवडला. मी चोपड्याला मराठी शिकवते. मधल्या सुट्टीत अहिराणीत मनसोक्त भांडणारी मुलं वर्गात उत्तर द्यायला उभी राहिली की अडखळतात, घरची बोली जणू दडवायची गोष्ट. त्यांना मी इटलीचा जुना कवी दांते याच्याबद्दल आवर्जून सांगते. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्याने आपलं महाकाव्य फ्लोरेन्सच्या लोकभाषेत रचलं आणि पुढे त्याच बोलीवर प्रमाण इटालियन उभी राहिली. १८६१ साली इटली एक राज्य झालं तेव्हाही ती रोज बोलणारे थोडेच होते. नापोली, सिसिली, व्हेनिसकडे आजही कित्येक घरांत आपापली बोली चालते. हे सगळं शिकवायला बोलीत वाढलेला शिक्षक जास्त जवळचा, असं मला ठामपणे वाटतं.

एक मात्र लेखात यायला हवं होतं. परदेशात ही भाषा शिकवणाऱ्यांचे खूपसे तास सुरुवातीच्या वर्गांच्या क्रियापदांत जातात, दांते बराच नंतर येतो. त्यामुळे साहित्याइतकीच व्याकरणाची आवड असावी लागते. या वाटेची तयारी करणाऱ्यांनी इटलीतल्या पेरूजाची चेली किंवा सिएनाची चिल्स ही इटालियन भाषेची परीक्षा बघावी. दोन्ही तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठांच्या आहेत.