‘दॅट’ दिसला म्हणजे नाऊन क्लॉजच, असं कोणी सांगितलं?

स्पर्धा परीक्षांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक तक्ता सारखा फिरत असतो. म्हणे वाक्य न वाचता इंग्रजी क्लॉज (मोठ्या वाक्यातलं उपवाक्य) ओळखा: ‘दॅट’ किंवा ‘व्हॉट’ असेल तर नाऊन क्लॉज (नामाचं काम करणारा), ‘हू’ किंवा ‘विच’ असेल तर ॲडजेक्टिव्ह (नामाबद्दल सांगणारा), ‘व्हेन’, ‘व्हेअर’, ‘इफ’ असेल तर ॲडव्हर्ब (क्रिया कधी, कुठे, कोणत्या अटीवर असं सांगणारा). खाली टीप: नाऊन क्लॉज नेहमी क्रियापदानंतरच येतो. पाठ करायला सोपं आहे, एवढं खरं.

आधी ‘दॅट’ घेऊ. ‘द न्यूज दॅट ही हॅड रिझाइन्ड शॉक्ड अस’ आणि ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट शॉक्ड अस’ ही वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यातून ‘ही हॅड रिझाइन्ड’ वेगळं काढलं तरी ते पुरं वाक्य आहे, आणि त्याने राजीनामा दिला हीच ती बातमी. म्हणून हा नाऊन क्लॉज. दुसऱ्यात ‘ही ब्रॉट’ एवढंच उरतं. काय आणलं? कर्म गायब, कारण ते काम ‘दॅट’ करतोय. बातमी काय होती हे इथे कळतच नाही, ती कोणती हे कळतं. म्हणजे ॲडजेक्टिव्ह क्लॉज. आणि ‘ही वॉज सो टायर्ड दॅट ही फेल अस्लीप’मध्ये ‘दॅट’पासूनचा भाग परिणाम सांगतो, तो ॲडव्हर्ब क्लॉज. तक्त्यात मात्र तिन्ही एकाच रकान्यात.

‘हू’, ‘व्हेन’, ‘व्हेअर’च्या बाबतीत तर मराठी येणाऱ्याला तक्त्याची गरजच नाही. इंग्रजीत एकच ‘व्हेन’ दोन कामं करतो, आपण त्यासाठी ‘कधी’ आणि ‘जेव्हा’ वेगळे ठेवलेत. ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’: तो कधी येईल ते मला माहीत नाही. नाऊन क्लॉज. ‘कॉल मी व्हेन ही कम्स’: जेव्हा तो येईल तेव्हा फोन कर. ॲडव्हर्ब. (दुसऱ्यात ‘विल’ चालत नाही, ही आणखी एक खूण.) ‘हू’चंही तसंच: ‘आय नो हू ब्रोक इट’मध्ये ‘कोणी’, ‘द बॉय हू ब्रोक इट’मध्ये ‘ज्याने’. अडचण फक्त ‘व्हॉट’ची. ‘व्हॉट ही सेड वॉज ट्रू’ म्हणजे तो जे बोलला ते खरं होतं. इथे ‘जे’ आलं तरी ते कुठल्या नामाला चिकटलेलं नाही, म्हणून नाऊन क्लॉजच.

याच वाक्याने तळटीपही निकालात निघते. इथे नाऊन क्लॉज कर्ता होऊन सुरुवातीलाच बसलाय. ‘इट डिपेंड्स ऑन हाऊ मच यू पे’मध्ये तो ‘ऑन’ला जोडून येतो. ‘आय थिंक ही इज राइट’मध्ये जोडणारा शब्दच नाही, तिथे तक्तेवाले काय शोधणार?

राहिला ‘इफ’. ‘आस्क हिम इफ ही विल कम’ म्हणजे येणार का ते विचार, इतकं सरळ. पण ‘लेट मी नो इफ यू नीड मनी’? पैसे हवेत का ते कळव, की लागले तर कळव? दोन्ही अर्थ निघतात. पहिला घेतला तर नाऊन क्लॉज, दुसरा घेतला तर ॲडव्हर्ब, आणि कोणता घ्यायचा ते मागचंपुढचं बोलणं ठरवतं. तक्ता इथे डोळे झाकून ॲडव्हर्बवर टिक करतो.