५६के मॉडेम ५६ किलोबाइट कधीच देत नव्हता, दाजी

"फायबर कंपन्यांची आठपट लूट" असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. आमच्या दाजींनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "या महिन्याचं बिल भरणार नाही." म्हणून लिहितोय, नाहीतर असले मेसेज मी उघडतही नाही. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: जुना ५६के मॉडेम (फोनच्या लाइनवरून डायलअप इंटरनेट देणारं डबडं) सेकंदाला ५६ किलोबाइट द्यायचा, आता १०० एमबीपीएसचे पैसे घेतात आणि डाउनलोड मात्र सेकंदाला साडेबारा एमबीनेच होतं, म्हणजे बाकीची चोरी, हिशोब १००० ने नाही १०२४ ने व्हायला पाहिजे, प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो मग बफरिंग होतंच कसं, आणि सगळ्यात शेवटी एक लिंक, तिथे बँक खात्याचा नंबर टाकला की ट्राय (दूरसंचार नियामक) फरक परत देणार.

आधी ती लिंक, कारण बाकीचं चुकलं तर फार तर हसं होईल, इथे खातं रिकामं होईल. ट्राय ग्राहकांच्या एकेकट्या तक्रारी हाताळतच नाही, तक्रार आधी कंपनीकडे, तिथे नाही झालं तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाते. ट्राय पैसे वाटणार, तेही व्हॉट्सॲपवरून, हे खरं वाटलंच कसं?

आता ते ५६ किलोबाइट. ज्याने डायलअपवर एक गाणं उतरवायला अर्धी दुपार घालवलीय त्याला हे पटायलाच नको, पण दाजी स्वतः त्या काळातले आणि तरी पटलं! ५६के मॉडेमचं स्टँडर्ड व्ही.९०, आयटीयू या दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९८ मध्ये काढलेलं, आणि त्यात सरळ बिट लिहिलेत, बाइट नाहीत (८ बिट म्हणजे एक बाइट). आकडाही उगाच नाही आला. डिजिटल टेलिफोन एक्स्चेंज तुमच्या आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतं, प्रत्येक नमुना ८ बिटचा, म्हणजे फोनचा अख्खा चॅनल ६४,००० बिटचा. मॉडेमला त्यातले नमुन्यामागे ७ बिटच भरवशाने वापरता यायचे, ८००० गुणिले ७, झाले ५६,०००. आता ६४,००० ला ८ ने भागा, अख्ख्या चॅनलमध्ये सेकंदाला ८ किलोबाइट मावतात. जिथे ८ मावतात तिथून ५६ कुठून येणार? ५६के म्हणजे सगळं नीट जमलं तर ७ किलोबाइट, आणि आपल्याकडच्या लाइनवर चार-पाच मिळाले तरी खूश असायचो. वर पाठवताना तर व्ही.९० मध्येसुद्धा ३३.६ केबीपीएसच्या पुढे जाताच येत नव्हतं.

म्हणजे आठाचा भागाकार तेव्हाही होताच, आणि एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, १०० ला ८ ने भागलं की साडेबारा मेगाबाइट, यात चोरी कुठेच नाही. फॉरवर्डवाल्याने चलाखी अशी केलीय (की त्यालाच कळलं नाही, देव जाणे) की फायबरला ८ ने भागलं आणि मॉडेमला तसाच सोडला, म्हणून त्याचं उत्तर येतं की फायबर जेमतेम २२३ पट फास्ट. दोन्हीकडे बिट ठेवा, १० कोटी भागिले ५६ हजार, साधारण १७८६ पट. दोन्हीकडे बाइट ठेवा, साडेबारा एमबी भागिले ७ केबी, तरी तेच. ५ एमबीचं गाणं म्हणजे ४ कोटी बिट, मॉडेमवर कागदोपत्री १२ मिनिटं, १०० एमबीपीएसवर अर्धा सेकंदसुद्धा नाही. मेसेज खरा असता तर तेच गाणं डायलअपवर दीड मिनिटात उतरलं असतं. आठवतंय का कुणाला असं?

१०२४ चं लांबण लावत नाही. मेमरी मोजताना ते चालतं, लाइनचा स्पीड मोजताना किलो म्हणजे १००० च, मॉडेमलाही आणि फायबरलाही. प्रकाशाचंही तसंच, काचेत तो सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास जातो आणि तांब्यातला सिग्नलही त्याच घरातला आहे, फरक पडतो तो एका सेकंदात किती बिट घुसवता येतात त्याने.

बरं, कंपन्या अगदी धुतल्या तांदळासारख्या आहेत असंही नाही. जाहिरातीत "१०० एमबी स्पीड" असं मोघम लिहायचं, "पर्यंत" हा शब्द मुंगीएवढा, आणि एफयूपी (महिन्याची डेटाची मर्यादा) संपली की स्पीड कुठल्या कुठे, हे सगळं चालतं आणि त्यावर ओरडलंच पाहिजे. पण ओरडायच्या आधी मोजा, आणि वायफायवर नको, लॅपटॉपला लॅन केबल लावून. १०० च्या प्लॅनवर ९३-९५ दिसले तर लाइन ठीक आहे, उरलेले पॅकेटच्या हेडरमध्ये, म्हणजे डेटाच्या प्रत्येक तुकड्यावरच्या पत्त्यात, जातात. प्लॅन २०० चा आणि आकडा ९५ च्या वर हलतच नसेल तर बऱ्याचदा राउटरचा पोर्टच १०० चा असतो किंवा केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या लागलेल्या असतात, आणि राउटर कंपनीनेच दिलेला असेल तर ही तक्रार खरी आहे, बिनधास्त करा. दाजी, तुमचा प्लॅन २०० चाच आहे ना? तो पोर्ट बघा, बिल भरा आणि ती लिंक ग्रुपवरून डिलीट करा, आत्या काहीही दाबते.