“चोवीसवर बिनधास्त चालवा म्हणाले आणि मोटार जळाली” या अभिप्रायास दुकानातर्फे उत्तर

नमस्कार. आमच्या तपकीर गल्लीतील दुकानाला एक तारा देताना आपण तीन गोष्टी लिहिल्या आहेत. लढाऊ रोबोटांच्या १५ किलो गटासाठी घेतलेल्या, ड्रिल मशीनमधल्या १२ व्होल्टच्या दोन मोटारींपैकी डावी मोटार दुसऱ्याच लढतीत जळाली, ती डुप्लिकेट होती, आणि काउंटरवर आपल्याला “चोवीसवर बिनधास्त चालवा”, म्हणजे २४ व्होल्टवर, असे सांगण्यात आले होते. यांतली शेवटची गोष्ट खरी आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

ते वाक्य आमच्या सहकाऱ्याने म्हटले होते आणि त्याने ते माझ्याजवळ कबूल केले आहे. ड्रिलच्या मोटारीला ठरल्यापेक्षा जास्त व्होल्टेज देणे हा लढाऊ रोबोट बनवणाऱ्यांचा जुना रिवाज आहे आणि तीन मिनिटांच्या लढतीपुरता तो बहुतेकदा निभतोही; परंतु चाक केवढे आहे, स्पीड कंट्रोलरमध्ये (बॅटरीतून मोटारीला जाणारी वीज कमी-जास्त करणाऱ्या सर्किटमध्ये) करंटची मर्यादा लावली आहे का, हे न विचारता “बिनधास्त” म्हणणे ही आमची चूक होती. त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

मोटार डुप्लिकेट असल्याचे मात्र मला मान्य नाही. आपण परत आणून दिलेली मोटार मी स्वतः उघडली. आर्मेचरवरचे (मोटारीतल्या फिरत्या भागावरचे) वार्निश कोळशासारखे काळे पडले आहे, त्या भागाला वीज पोचवणारे ब्रश धरणारे प्लॅस्टिक एका बाजूने वितळून तिरके झाले आहे आणि ब्रश जिच्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्याच्या, म्हणजे कॉम्युटेटरच्या, एका पट्टीवरून वाइंडिंगच्या तारेचे टोक सुटले आहे. गिअरबॉक्समधले प्लॅनेटरी गिअर मात्र शाबूत आहेत, एकही दात तुटलेला नाही. म्हणजे मोटार धक्क्याने गेली नसून तापून गेली. त्याच लॉटमधल्या शिल्लक मोटारीचा रोध मोजला तर तो सुमारे ०.२ ओहम भरला आणि आपली उजवी मोटारही, जी आजही व्यवस्थित फिरते, तेवढाच दाखवते.

आता या आकड्याचा अर्थ. मोटार फिरत असताना ती स्वतःच उलटे व्होल्टेज तयार करते आणि त्यामुळे करंट आटोक्यात राहतो. चाक जाम झाले की ते संपते आणि करंट ठरवायला फक्त रोध उरतो. १२ व्होल्टला तो ६० अँपिअर होतो. आपली सहा सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण चार्ज असताना २५.२ व्होल्ट देते, तेव्हा हिशेब १२६ अँपिअरवर जातो. वायरिंग आणि बॅटरीचा अंतर्गत रोध यांतले काही खातात हे खरे, पण कागदावर तरी ही तीन किलोवॅटहून अधिक उष्णता झाली. एवढ्यात बाथरूममधला गिझर चालतो, आणि इथे ती मुठीत मावणाऱ्या मोटारीत कोंडली जाते.

मग उजवी मोटार का वाचली? रोबोट समोरच्याला रेटत असतो तेव्हा सहसा मोटार अडकण्याआधी चाक जमिनीवर घसरते, आणि तेवढ्यापुरता करंट चाकाची पकड व त्रिज्या यांवर ठरतो, बॅटरी बारा व्होल्टची आहे की चोवीसची यावर नाही. आपल्या डाव्या चाकाच्या रबरावर मात्र सलग घासल्याची खोल खाच आहे. पहिल्या लढतीतला मार बसून बाजूची प्लेट आत वाकली असावी आणि ती चाकाला ब्रेकसारखी लागली असावी, असा माझा अंदाज आहे. शिवाय आपण ड्रिलच्या गिअरबॉक्सचा क्लच वेल्ड करून कायमचा बंद केला आहे. रोबोटमध्ये तो बंद करावाच लागतो, तक्रार नाही. पण स्क्रू आवळताना घसरून मोटारीला वाचवणारा भाग तोच होता. पूर्ण वेगात असताना एकदम रिव्हर्स देण्याची सवयही टाळावी, कारण त्या क्षणी मोटारीचे उलटे व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळवले जाते आणि करंट अडकलेल्या मोटारीपेक्षाही वर उसळतो.

पैसे पूर्ण परत करणे मला रास्त वाटत नाही, कारण मोटारीत दोष नव्हता. अर्धवट सल्ला आमचा होता, म्हणून त्याच लॉटमधली एक मोटार आपल्याला निम्म्या किमतीत देईन. चोवीस व्होल्ट ठेवायचेच असतील तर १५० मिलिमीटरऐवजी १०० मिलिमीटरची चाके लावावीत. तेवढ्याच पकडीला करंट सुमारे एक तृतीयांशाने कमी लागेल आणि वेग वाढलेल्या व्होल्टेजमुळे पुरेसा मिळेल. त्यातूनही वाकलेल्या प्लेटचे उत्तर मिळत नाही, म्हणून स्पीड कंट्रोलरमध्ये करंटची मर्यादा लावून घ्यावी. ती कशी लावायची हे आमचा तोच सहकारी दाखवील, आणि या वेळी मी शेजारी उभा असेन.

येताना चॅसिस आहे तसाच आणावा. डावीकडची प्लेट ठोकून सरळ करू नये, मला ती पाहायची आहे.