नोहाची गोष्ट, पूर पाहिलेल्या पोरांना

चर्चमध्ये रविवारी पोरांना बायबल शिकवतो त्या संडे स्कूलच्या पुस्तकात नोहाचं तारू म्हणजे नुसती मजा! देवानं आणलेल्या महापुरात नोहाचं कुटुंब आणि जनावरं जिच्यात वाचली, ती ही बोट. खिडकीतून जिराफ डोकावतोय, वर इंद्रधनुष्य. आमच्या चिकोडी-निपाणी भागात मात्र पूर चित्रातला नसतो. कल्लोळ-यडूर बंधारा पावसाळ्यात पाण्याखाली जातोच, आणि ऑगस्ट 2019 मध्ये तर नद्या घरांत शिरल्या. मग नोहा सुरू केला की पोरं विचारतात, "धरणाची दारं उघडली होती का?" हसू नका. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 7 व्या अध्यायात आकाशाची दारं उघडल्याचंच लिहिलंय.

नोहाचा पूर का आला, याच्या आपल्या संडे स्कूल शिक्षकांच्या ठरलेल्या उत्तराशी माझं भांडण आहे. "लोक पापी होते, म्हणून बुडाले" एवढं सांगून आपण मोकळे होतो. समोर बसलेल्या पोरीच्या आजीचं घर पुरात पडलेलं असतं. तिनं काय समजायचं, आजी पापी? लूकच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात येशू स्वतःच विचारतो, शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का? आणि साफ "नाही" म्हणतो. पश्चात्तापाचं पुढं बोलतो, पण ते सगळ्यांनाच. नोहासोबत हे सांगायलाच हवं. आपल्याकडं पूर का येतो, तर पाऊस, नदी, धरण, काठावरची घरं. सरळ सांगावं की.

काही पालक म्हणतात, अवघड भाग गाळाच. बापाच्या नवसापायी बळी गेलेल्या इफ्ताहाच्या मुलीची गोष्ट लहानांना नको, हे मलाही पटतं. पण देवाच्या सांगण्यावरून मुलगा इसहाक याचा बळी द्यायला निघालेला अब्राहाम गाळून कसं चालेल? बकरी ईदला मित्राच्या घरी पोरं तीच गोष्ट ऐकून येतात, तिथं मुलगा बहुधा इस्माईल असतो एवढंच. फक्त "अब्राहामानं ऐकलं, तसं तुम्ही आईबापाचं ऐका" हे शेपूट लावू नका. हातात सुरी घेतलेला बाप दाखवून आज्ञाधारकपणा शिकवायचा?

नोहात मी थांबते ती 6 व्या अध्यायावर, माणसांचा दुष्टपणा पाहून देवाला वाईट वाटलं तिथं. मग 9 वा अध्याय, कारण तिथला करार जनावरांशीही आहे. पोरांना हे फार आवडतं. आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: तारवात न घेतलेल्या म्हशींनी काय पाप केलं होतं?

याला चटकन उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. पुढच्या रविवारी योना घेतेय, माशानं गिळलेल्या संदेष्ट्याची गोष्ट. मासा नंतर. आधी पुस्तकाची शेवटची ओळ, जिथं देवाला निनवे शहरातल्या 1,20,000 वर माणसांचा कळवळा येतो, आणि पुष्कळ गुराढोरांचाही.