टॉयलेट क्लीनरने बंपर नवा होत नाही, उघडा पडतो

"डेंटिंगवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत!" या मथळ्याचा मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. जुन्या गाडीचं क्रोम वीस मिनिटांत शोरूमसारखं, सात सोप्या पायऱ्या, शेवटी जोडलेले हात आणि "गरजूंपर्यंत पोहोचवा". माझ्याकडे तो चार ग्रुपमधून आला आणि चारही वेळा मी तो न वाचता उडवला. तेव्हा वाचला असता तर बरं झालं असतं, कारण पाचव्यांदा तो थेट मामांकडे गेला. मामांनी तो वाचला आणि अमलातही आणला.

मामांची गाडी चाळीस वर्षांची. पुढचा बंपर पोलादी, वर क्रोम, आणि क्रोमवर टाचणीच्या डोक्याएवढे तांबूस ठिपके. संध्याकाळी मी पोहोचले तेव्हा मामा घामाघूम, पण खूश. "बघ गं, चकाकतोय की नाही!" चकाकत होता, नाही कशाला म्हणू? पण रंग वेगळाच दिसत होता. क्रोमच्या चमकेला किंचित निळी झाक असते. इथे नंबर प्लेटच्या मागे जेवढा भाग झाकलेला होता तेवढाच निळसर राहिला होता. बाकी सगळा बंपर पिवळसर झाला होता. मामा म्हणाले, "फडक्याला काय हिरवट हिरवट लागत होतं, केवढा मळ साठला होता!" मामा ज्याला मळ म्हणत होते ते त्यांचं क्रोम होतं. खाली पिवळसर दिसत होतं ते निकेल.

तर आता मेसेजकडे. पायऱ्यांच्या क्रमाने जाणार नाही, जिथे जास्त नुकसान आहे तिथून सुरुवात करते.

दुसरी पायरी म्हणते: "क्रोम कधीच गंजत नाही, त्यामुळे दिसतो तो फक्त वरचा मळ. टॉयलेट क्लीनर लावा, दहा मिनिटं ठेवा, घासा." पहिलं अर्धं वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच बाकीचं खपून जातं. क्रोम तांबडं गंजत नाही हे बरोबर. पण मग तो गंज आला कुठून? खालच्या पोलादातून. दगड लागून किंवा वर्षानुवर्षं हवा-पाणी खाऊन मुलाम्याला सुईच्या टोकासारखी भोकं पडतात, पाणी आत उतरतं, पोलाद गंजतं आणि तो गंज भोकातून वर येऊन बसतो. तुम्हाला दिसतो तो ठिपका म्हणजे आतल्या दुखण्याचं तोंड.

आता या मुलाम्याची जाडी. निकेल-क्रोमच्या मुलाम्यासाठी आयएसओ १४५६ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात बाहेरच्या कडक हवामानात टिकायला हव्या असलेल्या पोलादी भागांवर निकेल साधारण ३० ते ४० मायक्रॉन सांगितलंय आणि त्यावरचं नेहमीचं क्रोम किमान ०.३ मायक्रॉन. दशांशचिन्ह चुकून पडलेलं नाही, खरोखरच शून्य पूर्णांक तीन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरला, तर क्रोमचा थर त्याच्या दोनशेव्या हिश्शाहूनही पातळ भरतो. गंजाला अडवण्याचं खरं काम निकेल करतं. क्रोम वर बसतं ते निकेल काळवंडू नये आणि ओरखडू नये म्हणून. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात बंपर म्हणजे क्रोमचा ठोकळा आहे, कितीही घासा, आत क्रोमच. तसं असतं तर मीही काही बोलले नसते.

बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये असतं हायड्रोक्लोरिक ॲसिड. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. आणि प्लेटिंगवाल्याकडे जुना बंपर नव्याने पाणी चढवायला दिला, तर तो आधीचं क्रोम उतरवायला काय वापरतो? हेच ॲसिड, जास्त तीव्र. क्रोम काढायची ही त्यांची रोजची पद्धत आहे. म्हणजे मेसेजवाल्याने क्रोम उतरवायची कृती क्रोम चमकवायची म्हणून गावभर वाटली आहे.

बरं, एवढ्यावर ते थांबत नाही. ॲसिड त्या भोकांत आणि बंपरच्या मागच्या दुमडीत जाऊन बसतं, कितीही पाणी मारलं तरी सगळं निघत नाही. तिसऱ्या दिवशी मामांच्या बंपरवर जुने ठिपके जागच्या जागी हजर होते, शिवाय कडेला नवे. आणि गॅरेजच्या भिंतीवर टांगलेले पाने, ज्यांना मामांनी हातही लावला नव्हता, तेही तांबूस झाले होते. या ॲसिडची वाफ बंद जागेत असेल तेवढ्या लोखंडाला धरते.

तिसऱ्या पायरीवर मात्र माझं डोकं फिरलं. "डाग हट्टी असतील तर त्यावरच ब्लीचिंग पावडर भुरभुरा, फेस आला म्हणजे काम सुरू झालं." हा फेस म्हणजे क्लोरीन वायू. हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की तो सुटतोच, त्यात प्रमाण चुकलं-बिकलं असा प्रश्न नाही. १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या इप्रच्या आघाडीवर सैनिकांवर सोडला होता तो हाच वायू. तो हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड, म्हणून खाली बसतो. आणि बंपर घासणारा माणूस कुठे असतो? जमिनीवर उकिडवा, तोंड बंपरच्या उंचीला, पाठीमागे गॅरेजचं अर्धं ओढलेलं शटर. मामांच्या घरात ब्लीचिंग पावडर संपलेली होती, म्हणून आज मी क्रोमवर लिहितेय. हा मेसेज कोणाला पाठवला असेल तर निदान या एका ओळीसाठी त्या माणसाला फोन करा. आणि कोणी आधीच करून बसलं असेल आणि खोकला, घशात जळजळ, डोळ्यांत पाणी असं काही असेल, तर ताबडतोब मोकळ्या हवेत आणणं आणि डॉक्टर गाठणं. दोन्ही एकत्र झालेली बादली आवरायला परत आत जायचं नाही.

पहिली पायरी वरकरणी निरुपद्रवी वाटते: "गाडीवरची प्रत्येक चमकणारी पट्टी क्रोमच असते." अजिबात नाही. एकाच जुन्या गाडीवर चार-पाच वेगळ्या वस्तू सापडतील. बंपर पोलादी, क्रोमचा. काचेभोवतीचं बीडिंग बहुधा स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियम. दाराचं हँडल, चिन्हं, दिव्यांच्या कड्या जस्ताच्या ओतीव मिश्रधातूच्या आणि वर क्रोम. थोड्या अलीकडच्या गाडीत ग्रिल चक्क प्लॅस्टिकचं, त्यावर क्रोम. प्रत्येकाचं बिघडणं वेगळं असतं. पोलाद तांबूस ठिपके देतं, जस्तावर पांढरट फोड येतात, ॲल्युमिनियमवर दुधाळ ढग धरतो, आणि स्टेनलेसला बहुतेक वेळा फक्त ओरखडे आणि पोचे असतात. जस्ताच्या फोडावर ॲसिड पडलं तर ते आत शिरून जस्त भराभर खातं, हँडलला खड्डे पडतात. ते काही कुठलं पॉलिश भरून देत नाही.

चुंबक लावून बघा म्हणतात, तेही अर्धंच उपयोगी. चिकटला नाही तर जस्त, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक किंवा एका जातीचं स्टेनलेस. चिकटला तर पोलाद, नाहीतर दुसऱ्या जातीचं स्टेनलेस, कारण ४३० नंबरचं स्टेनलेस चुंबकाला धरतं आणि बीडिंगला ते भरपूर वापरलं गेलंय. म्हणून चुंबकासोबत डोळे वापरा: पट्टी क्लिपमधून काढा आणि उलटी करून मागची बाजू बघा. स्टेनलेस मागूनही स्टेनलेसच दिसतं.

आणि स्टेनलेस निघालं तर नशीब काढलंत. ते आरपार एकच धातू असल्यामुळे घासून नवं होणारी गाडीवरची ही एकमेव चमकदार वस्तू म्हणायला हरकत नाही. पोचा मागून हलक्या हाताने ठोकून काढायचा, मग ओला वॉटर पेपर ४०० पासून पायरीपायरीने २००० पर्यंत (नंबर वाढेल तसा कागद बारीक), मग बफिंग. मधला एकही नंबर गाळायचा नाही, नाहीतर ४०० चे ओरखडे बफिंगनंतर उन्हात हसतात. तारेची लोखंडी घासणी मात्र नको. तिचे कण पृष्ठभागात रुततात आणि मग स्टेनलेस गंजलं म्हणून लोक ओरडतात.

चौथी पायरी, कोल्ड्रिंक आणि ॲल्युमिनियम फॉइल. हे चालतं, कबूल. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूपच मऊ, त्यामुळे चुरगळलेल्या फॉइलने घासलं तर वर आलेला गंज खरवडला जातो आणि क्रोमला ओरखडा पडत नाही. कोल्ड्रिंकमधलं फॉस्फरिक ॲसिड किंचित हातभार लावत असेल, पण साबणाच्या पाण्यानेही काम होतं आणि मुंग्या येत नाहीत. फक्त गंज गेला म्हणजे भोक बुजलं असं नाही. घासून झाल्यावर धुऊन पूर्ण कोरडं करायचं आणि ठिपक्यांच्या जागी वॅक्स दाबून भरायचं, दर दोन-तीन महिन्यांनी परत. बंपरच्या मागे साठलेला चिखल काढून तिथे गंजरोधक रंग मारला, तर समोरून चार तास घासण्यापेक्षा जास्त फायदा होतो. मागच्या बाजूला मुलामा पातळच असतो, गंजाची खरी सुरुवात बऱ्याचदा तिथून होते.

पाचवी: पांढरं पडलेलं ॲल्युमिनियम असेल तर "नाल्या मोकळ्या करायची पावडर कालवून गाडीवरच लावा". इथेही नाइलाजाने थोडं मान्य करावं लागतंय. जुन्या बीडिंगवर ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या मदतीने वाढवलेल्या ऑक्साइडचा, कडक थर असतो, तो खराब झाला की कुठलंही मेटल पॉलिश त्याला हलवत नाही आणि या पावडरीतल्या कॉस्टिक सोड्याने तो खरंच उतरतो. थर आहे की नाही ते मल्टिमीटरने कळतं. ॲनोडायझिंग वीज वाहू देत नाही, उघडं ॲल्युमिनियम देतं. पण "गाडीवरच"? कॉस्टिक रंग खातो, काच धुरकट करतो, डोळ्यात गेला तर डोळा घेतो, आणि थर उतरल्यावर खालचं ॲल्युमिनियमही सोडत नाही. पट्टी काढून, मोकळ्या हवेत, हातमोजे आणि गॉगल घालून, थोडा वेळ लावून भरपूर पाण्याने धुवायचं. त्यानंतर पॉलिश केलं की आरशासारखं दिसतं, पण संरक्षण गेलेलं असतं. एकतर पुन्हा ॲनोडायझिंग करून घ्या, नाहीतर वॅक्सची सवय लावून घ्या. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही.

सहावी पायरी, टूथपेस्टने घासा. टूथपेस्ट दाताला लावा.

शेवटची पायरी म्हणजे "क्रोम स्प्रे मारा, वर क्लिअर कोट, आयुष्यभर बघायला नको". डब्यातलं क्रोम म्हणजे लॅकरमध्ये कालवलेली ॲल्युमिनियमची बारीक चकती-पूड. ओलं असताना छान दिसतं, वाळल्यावर चंदेरी रंग. त्यावर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारला की खालचे कण विस्कटतात आणि ते करडं पडतं. खऱ्या गुळगुळीत क्रोमवर नुसता क्लिअर मारलात तर तो धरत नाही, कडेने सुटतो, खाली पाणी जातं. ॲल्युमिनियमवर त्या खाली दोऱ्यासारख्या पांढऱ्या रेषा धावतात, आणि मग तो क्लिअर खरवडून काढणं हे आणखी एक काम. ज्या बंपरचं क्रोमच गेलंय त्याला दोनच वाटा: प्लेटिंगवाल्याकडून सगळं उतरवून नव्याने निकेल-क्रोम, किंवा सरळ मान्य करून साधा चंदेरी रंग.

मामांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, पण चमकला ना?" पुढच्या बंपरवर सध्या निकेल उघडं आहे, मधूनमधून वॅक्स लावतात, नाहीतर पुढच्या पावसापर्यंत काळवंडेल. मागच्या बंपरला अजून हात लावलेला नाही. काल फोन करून विचारत होते, फॉइलची कुठली बाजू घासायची, चकचकीत की दुसरी. कुठलीही, मामा.