पेट्रोल स्वस्त, गाडी नाही

बांदा-सावंतवाडीकडचे आमचे पाहुणे परत जाताना सीमेवरच्या पत्रादेवीला टाकी फुल्ल करतात आणि वर ऐकवतात, "तुम्हा गोंयकारांना काय, पेट्रोल स्वस्त!" आहेच स्वस्त. २०१२ मध्ये पर्रीकरांनी व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला, तेव्हा लिटरमागे तब्बल ११ रुपये उतरले होते. पुढे ती सवलत आटत गेली. गोव्यात गाडी परवडते, हा समज मात्र पक्का बसला.

मला विचाराल तर इथे गाडी चालवून महाग पडत नाही, उभी ठेवून पडते. फोंड्यात घर, फोंड्यातच नोकरी, रोजची धाव स्कूटरवर. गाडी निघते ती पावसात, चवथीला, जत्रेला, कोणाच्या लग्नाला. वर्षाला धरा ६,००० किलोमीटर. लिटरला १५ची सरासरी आणि शंभराचा भाव धरला तरी पेट्रोल ४०,००० रुपयांचं. आता १० लाखांची गाडी ८ वर्षांनी साडेतीन लाखांना गेली, तर नुसती घट वर्षाला ८१,००० च्या वर! विमा आणि सर्व्हिसिंग अजून धरलेलंच नाही. विमा कंपन्यांना हे चांगलं ठाऊक असतं. चार वर्षं उलटली की त्यांच्या तक्त्यात गाडीची किंमत निम्म्यावर येते. आपण मात्र पेट्रोल ५० पैशांनी वाढलं की तावातावाने पोस्टी टाकतो.

त्यात आपली हवा. चार महिने पाऊस, किनाऱ्याकडे खारा वारा. सायलेन्सर आणि दारांच्या खालच्या कडा आधी जातात. बंद गाडीची बॅटरी उतरते, हँडब्रेक चिकटतो, उंदीर वायरी कुरतडतात. सावली बघून माडाखाली लावणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं!

तरी घेतोच, कारण संध्याकाळ कलली की आमच्या बाजूची बस संपते. पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, बाजारात मिळतो, पण म्हाताऱ्या आईला रात्री मोटारसायकलवर मागे बसवून डॉक्टरकडे कसं नेणार? म्हणून पहिल्या गाडीला मी कोणालाच नावं ठेवत नाही. माझा आक्षेप आहे तो दुसरीला, आणि पहिलीच गरजेपेक्षा हातभर मोठी घेण्याला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. भाचा लगेच म्हणाला, "मामा, आता मोठीच घेऊया." अरे, ती १८ टक्क्यांची सवलत चार मीटरच्या आतल्या गाडीची, आणि तू बघतोस ती त्याहून लांब! त्याच्या वाड्यावर दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे. समोरून कोणी आलं की एकाला देवळापर्यंत रिव्हर्स घ्यावी लागते. एक ओरखडा क्लेम केला की साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, गेला.

बुकिंगआधी घरच्या गेटाची रुंदी मोज, एवढंच त्याला सांगितलंय. ती अजून मोजून झालेली नाही. ॲक्सेसरीजची यादी मात्र तयार आहे.