गाडी लई खाली हाय

परवा एका वृद्धाश्रमाने माझी गाडी नाकारली. फुकट दिलेली, चालू, विमा भरलेली, लेदर सीटांची जर्मन सेडान. रद्दीवाल्यानेसुद्धा मला आजवर असं तोंडावर 'नको' म्हटलेलं नाही.

टॉवेलच्या धंद्यात बरे दिवस होते तेव्हाची ही हौस. आता सर्व्हिसिंगला पुण्याला न्यायची म्हणजे जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर, आणि सोलापुरातला एकेक गतिरोधक तिचं पोट खरवडून काढतो. एजंटाने सांगितलेली किंमत ऐकून हिने त्याला चहासुद्धा विचारला नाही. मग अमेरिकेतून चिरंजीव म्हणाले, "बाबा, डोनेट करून टाका." तिकडे म्हणे नुसता फोन करायचा. टोइंगवाला दारातून गाडी उचलतो, संस्था ती लिलावात काढते, आणि बहुतेक वेळा जेवढ्याला गेली तेवढी करात वजावट. मीही भरीला पडलो.

टॉवेलचा कारखाना आहे म्हटल्याबरोबर वृद्धाश्रमाच्या खजिनदारांनी हात आडवा केला. "चादरी-टॉवेल नकोत बरं का, साहेब." मागचं कपाट उघडून दाखवलं. तळापासून वरपर्यंत चादरी. या गावात ज्याला त्याला पुण्य आठवतं ते चादरीच्याच रूपात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्या कपाटात तिला जागा नव्हती.

"गाडी द्यायचीय," मी म्हणालो. ते गप्प झाले, तेवढ्यात बाकावरून आवाज आला, "कंची?"

आवाज मोहोळकडच्या एका मामांचा. आईच्या वर्षश्राद्धाला दोन डझन केळी घेऊन आले होते. पावती झाली होती, फोटो झाला होता, खांद्यावर शाल होती (चादरच असावी). म्हणजे काम संपलं होतं. तरी ते आमच्या आधी बाहेर पडले, गाडीला एक चक्कर मारली आणि टोपी सारखी करून म्हणाले,

"मालक, गाडी झकास. पन लई खाली हाय."

"सेडान आहे मामा, खालीच असते."

"आवो, रिक्षात मानूस चढतंय. ह्यात उतरावं लागतंय, हिरीत उतरल्यागत. म्हातारं आत गेलं तर भाईर कोन काडनार?"

एवढं बोलून थांबले असते तर ठीक. पण मामा प्रात्यक्षिकावर आले. मागचं दार उघडून आधी सीट तळहाताने दाबून पाहिली, बाजारात वांगी दाबतात तशी. मग बसले. बसले म्हणजे गेलेच. गुडघे छातीला लागले, टोपी छताला. शाल दारात अडकली. "बगा," आतून म्हणाले, "आता मी न्हाई उटत." आणि खरंच उठले नाहीत. एका बाजूने खजिनदार, दुसऱ्या बाजूने मी, अशी ओढाओढ झाली. व्हरांड्यातल्या आज्ज्यांनी टाळ्या वाजवल्या.

"स्ट्रेचर बसतंय का ह्यात?" बाहेर आल्यावर पहिला प्रश्न.

"नाही."

"मग तांदळाची पोती तरी?"

"डिकीत दोन बसतील."

"दोन पोत्यांला येवडी गाडी?" हे मला नाही, खजिनदारांना विचारलं. संस्थेने जणू त्यांनाच खरेदी समितीवर घेतलं होतं.

खजिनदारांना धीर आला. म्हणाले, द्यायचीच तर टायर बदलून द्या, आणि ड्रायव्हरचा वर्षाचा पगारही जमला तर बघा. मी कराचं विचारलं. आयकरातली देणगीची सवलत फक्त पैशाला, वस्तूला नाही. पैसासुद्धा दोन हजारांच्या वर रोख चालत नाही. लाखोंची गाडी दिली तरी आयकर खात्याच्या लेखी मी काहीच दिलेलं नाही! शिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९, फॉर्म ३०, आरटीओची फी माझीच. आणि नाव बदलायचं राहिलं तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच सांगून ठेवलंय, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. उद्या कुठे ठोकर बसली तर भरपाईला माझंच नाव पुढे. घेणाऱ्याने अटी घालायच्या आणि देणाऱ्याने अर्ज भरत हिंडायचं, ही कुठली तऱ्हा? खरं सांगतो, मला राग आलाय, आणि तो केळीवाल्यापेक्षा त्या शालीचा जास्त आलाय. मला साधं पाणीही कुणी विचारलं नाही.

वर मामांना एसटी स्टँडवर सोडलं मीच. "म्होरं बसतो, मागं नगं," म्हणाले. सात रस्ता चौकापर्यंत काच खाली करून ओळखीचं कुणी दिसतंय का ते बघत होते.

काल खजिनदारांचा फोन. वर्धापनदिनाला मुंबईहून पाहुणे येताहेत, सिद्धेश्वर एक्स्प्रेसने. "स्टेशनवर तुमची ती गाडी पाठवा, साहेब. मोठा माणूस आहे, रिक्षा बरी दिसत नाही. ड्रायव्हर नको, तुम्हीच या."

पाहुण्यांचे गुडघे कसे आहेत, एवढं फक्त विचारून घेतलं.